कपाटाला मोरया

पावसाळ्यात सांगलीकर पंचांगापेक्षा आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी जास्त वेळा बघतो. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. आमचं घर नदीकडच्या अंगाला, त्यातून तळमजल्यावर. यंदा पाणी 40 ला टेकलं तशी हिनं पदर खोचला आणि हुकूम सोडला, "कपाट वर."

हे लोखंडी कपाट हिच्या माहेरचं. त्यामुळं त्याच्या वजनाबद्दल घरात बोलायची सोय नाही. वरच्या मजल्यावरचे आप्पा, त्यांचा मुलगा आणि मी असे तिघं भिडलो. कपाट ढिम्म. आप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "नुसता हात काय लावताय, जोर लावा की!"

पुतणी मिरजेला फिजिओथेरपी शिकते. ती जिन्यात उभी होती. मदतीला नव्हे, शिकवायला. "काका, स्नायूला ढकलता येतच नाही, फक्त ओढता येतं." मेंदूचा हुकूम मज्जारज्जूतून नसेत उतरतो, नसेच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं, स्नायूच्या तंतूच्या आत कॅल्शियम मोकळं होतं आणि मायोसिन या प्रथिनाची इवली डोकी ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाचे धागे धरून रस्सीखेच सुरू करतात. धागे आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. हे 1954 साली संशोधकांच्या दोन वेगळ्या जोड्यांनी मांडलं आणि दोन्हींत एकेक हक्सले होता. नातं काही नाही, नुसते आडनावबंधू. नसेतल्या एकेका चेतापेशीच्या हाताखाली तंतूंचा अख्खा जथा असतो: डोळ्याच्या स्नायूत जेमतेम दहा-वीस, पोटरीत हजारावर. हुकूम आला की जथ्यातले सगळे ओढतात, अंगचोरपणा चालत नाही. आधी लहान जथे उठतात, भागलं नाही तर मोठे.

"मग माझे मोठे कुठं आहेत?" मी कपाटाखालून विचारलं.

"मेंदू सगळ्यांना एकदम बोलवत नाही. थोडे राखून ठेवतो."

म्हणजे माझा मेंदूसुद्धा हिच्यासारखाच, खर्चाला हात आखडता. एवढ्यात आप्पांनी आरोळी ठोकली, "गणपती बाप्पा..." आम्ही "मोरया!" म्हणालो आणि कपाट उचललं गेलं. पुतणी हरखली. इकाई आणि स्टाइनहाऊस या दोघा संशोधकांनी 1961 साली हेच मोजलं होतं म्हणे: जोर लावताना माणूस ओरडला की ताकद साधारण 12 टक्क्यांनी वाढते, मेंदूचा लगाम जरा सैल पडतो. आप्पांना 12 टक्के कमी वाटले. "ओरडलं कोण ते बघायला पायजे ना!"

पाणी 43 वरून ओसरलं. कपाट खाली. उतरवताना मोरयाची गरज पडली नाही, कपाटालाच घाई होती. मला वाटलं, सोपं काम झालं.

दुसऱ्या दिवशी मांड्या कुरकुरल्या, तिसऱ्या दिवशी त्यांनी असहकार पुकारला. बसताना "आई गं", उठताना "अगं आई". त्यात आमचा संडास देशी, तिथला तपशील सांगत नाही. हिचं निदान तयार होतं, "ॲसिड साठलंय." पुतणी म्हणाली, लॅक्टिक ॲसिड तासा-दोन तासांत निघून जातं. खरा घोळ उतरण्यात आहे. ओझं खाली नेताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. कामाला तंतू कमी लागतात, म्हणून एकेकावर ताण जास्त. आत बारीक-बारीक मोडतोड होते आणि दुखणं एक-दोन दिवसांनी माथ्यावर येतं.

"पण एक चांगलंय, काका. काही आठवड्यांत परत हेच काम केलं तर एवढं दुखत नाही. स्नायू तयार झालेला असतो."

हे तिनं हळू सांगायला हवं होतं. ही स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, "मग माळ्यावरची पितळी पिंपं काढूनच घेऊ."