गिधाडं उपासमारीने संपली नाहीत

‘मेलेली गुरं आता उघड्यावर टाकत नाहीत, म्हणून गिधाडं उपाशी मेली’ असा मजकूर सध्या मोबाइलवर फिरतोय. तो चुकीचा आहे. खाद्य कमी झाल्याची अडचण काही भागांत खरी आहे, पण १९९०च्या दशकात गिधाडं मेली ती भरल्या पोटी.

मेलेल्या गिधाडांची चिरफाड केल्यावर आतले अवयव चुना फासल्यासारखे पांढरे दिसले. मूत्रपिंडं बंद पडून युरिक अॅसिड साचलं होतं. कारण होतं डायक्लोफिनॅक, आजारी गुरांना टोचलं जाणारं वेदनाशामक. इंजेक्शननंतर लगेच दगावलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं की काही दिवसांत ती मान टाकायची. एका मढ्यावर अख्खा थवा उतरतो, त्यामुळे शेकड्यात एखादं विषारी मढंही पुरेसं ठरलं. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. जोडी वर्षाला एकच अंडं घालते, मग ही तूट भरणार कशी?

२००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद झालं. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत होत्या, म्हणून २०१५ साली इंजेक्शनची बाटली ३ मिलीपुरती मर्यादित केली. २०२३ साली किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक या गिधाडांना घातक असलेल्या आणखी दोन वेदनाशामकांवरही जनावरांसाठी बंदी आली. मेलोक्सिकॅम हे वेदनाशामक मात्र गिधाडांना सुरक्षित आहे. तेव्हा पशुपालकांनो, डॉक्टरांकडे तेच मागा, आणि डायक्लोफिनॅक टोचलेलं जनावर दगावलं तर कृपा करून ते पुरा.