सिगरेट ओढणारा साधू आणि आमचे दाजी

आज ताईकडे जेवायला गेले होते. भाचा (नववी) लॅपटॉपवर 'सायुकी' ही जपानी अॅनिमेशन मालिका लावून बसलेला, मीही शेजारी टेकले. पडद्यावर सान्झो. भिक्षूचा झगा, तोंडात सिगरेट, हातात रिव्हॉल्व्हर आणि वर शिव्या. मागून दाजी आले, उभ्याउभ्या दहा सेकंद बघितलं आणि लॅपटॉप धाडकन मिटला. "साधुसंतांची विटंबना चालवलीय नुसती. मूळ गोष्टीचा तरी मान ठेवा!"

मूळ गोष्ट?? दाजी, वाचलीत का हो तुम्ही?

ताईने डोळे वटारले म्हणून तिथे गप्प बसले. इथे कोण वटारणार.

'सायुकी' जिच्यावर बेतलीय ती मूळ गोष्ट म्हणजे मिंग काळातली शंभर प्रकरणांची चिनी कादंबरी. सगळ्यात जुनी छापील प्रत १५९२ची. भिक्षू, माकड, डुक्कर आणि एक नदीतला राक्षस असे धर्मग्रंथ आणायला भारताकडे निघतात. यातला भिक्षू चक्क रडका आहे. राक्षसीण माणसाचं रूप घेऊन येते, माकड तिला ओळखून मारतं, तर हा भोळा सांब माकडालाच हाकलून देतो! शेवट तर ऐकाच. एवढे हाल काढून बुद्धाच्या दारी पोचल्यावर त्याचे शिष्य आनंद आणि काश्यप विचारतात, आमच्यासाठी काय आणलंत? काही मिळत नाही म्हटल्यावर कोरे ग्रंथ हातात ठेवतात. मग बादशहाने दिलेलं भिक्षापात्र त्यांना द्यावं लागतं, तेव्हा कुठे लिहिलेले ग्रंथ मिळतात. चारशे वर्षांपूर्वी लोक हे वाचून पोट धरून हसत होते. आणि आपण एका सिगरेटीवरून लॅपटॉप मिटतो.

बरं, हे सगळं ज्याच्यावर रचलं तो युआन श्वांग, आपण शाळेत ह्युएनत्संग म्हणून पाठ केला तोच. देशाबाहेर जायची बंदी असताना गुपचूप निघालेला माणूस. सातव्या शतकात, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. इथली माणसं मानी, उपकार विसरत नाहीत, अपमान झाला तर सूड घेतात, पण आधी शत्रूला कळवून, असं लिहून ठेवलंय त्याने. दाजी, कळवलं हं.

आता चिडचिड बाजूला ठेवून सांगते. काझुया मिनेकुराची ही मांगा (जपानी चित्रकथा) १९९७ची, त्यावरची पहिली मालिका २००० साली आली, पन्नास भागांची. मिनेकुराबाईंनी काय केलंय बघा. कादंबरीतलं डुक्कर म्हणजे बाईच्या मागे लागल्याबद्दल स्वर्गातून हाकललेला सेनापती. इथे त्याचा हक्काई होतो, चौघांतला सगळ्यात सभ्य, हसतमुख, जीप चालवणारा. (जीप म्हणजे पांढरा ड्रॅगन. हो, खरंच.) आणि ह्या गोड माणसाने प्रेयसीपायी हजार राक्षस मारलेत, त्यांच्या रक्ताने स्वतःच राक्षस झालाय. गोजो (तो नदीतला राक्षस) इथे अर्धा माणूस अर्धा राक्षस, सावत्र आई त्याला मारायला कुऱ्हाड घेऊन उठते. गोकू (म्हणजे माकड) पाचशे वर्षं डोंगरात कोंडलेला, सतत भुकेला. आणि तो शिवराळ सान्झो? लहानपणी नदीत वाहत आलेलं पोर, कादंबरीतल्यासारखंच. ज्या गुरूने सांभाळलं, त्याला डोळ्यांदेखत मारलेलं पाहिलंय त्याने. शिव्या देणार नाही तर काय अभंग म्हणणार?

हे सगळं दहा सेकंदांत दिसत नाही. लॅपटॉप मिटला तेव्हा नेमका हक्काईचा भूतकाळ सुरू होणार होता. पोरगं काही बोललं नाही, ताटावर जाऊन बसलं. त्याचंच जास्त वाईट वाटतंय मला. ह्या वयात इतकं मन लावून काय बघतात ही मुलं, विचारावं तरी.

हो, नववीतल्या मुलाने इतका रक्तपात बघावा का, हा प्रश्न आहे. मान्य. पण दाजींनी तो विचारलाच नाही ना! तो विचारला असता तर मीच लॅपटॉप बंद केला असता. कदाचित.

ज्यांना बघायचीय त्यांच्यासाठी: जपानी आवाजातच बघा. नंतर होमुरा नावाचं पात्र येतं, ते मांगात नाहीच, मालिकेसाठी घुसडलंय, तिथे कंटाळलात तर पुढे ढकला. आणि पन्नास भाग संपले तरी भारत काही येत नाही, तेव्हा त्याची वाट बघत बसू नका.