सगळा भार पेयावर नको

प्राचीन ग्रीसमध्ये अथेन्सजवळच्या एल्युसिसला धान्यदेवता डेमेटरच्या नावाने गुप्त दीक्षा दिली जाई. तिचा मानसिक परिणाम लेखकाने आपल्या लेखात दीक्षेतल्या ‘किकिऑन’ या पेयावर ढकललाय, ते पटत नाही. डेमेटरच्या जुन्या स्तोत्रात त्याची कृती साधी आहे: सातू, पाणी आणि पुदिन्याच्या जातीची एक वनस्पती. त्यात अरगट या धान्यावरच्या बुरशीची नशा होती हा १९७८चा तर्क, आणि तो अजून तर्कच आहे.

खरं काम तयारीत होतं. वसंताच्या तोंडावर अथेन्सलगत अग्राईला लहान दीक्षा. मग सहा-सात महिन्यांनी, सप्टेंबरच्या सुमारास, मोठ्या दीक्षेसाठी डुकराचं पिल्लू बरोबर घेऊन समुद्रस्नान, त्या पिल्लाचा बळी, उपास आणि एल्युसिसपर्यंत वीसेक किलोमीटर पायपीट. वाटेत केफिसॉस नदीच्या पुलावर नावाजलेल्या माणसांना जाहीर शिव्या पडत. लोक हे गंमत म्हणून सोडून देतात. माझ्या मते मोठेपणाची झूल तिथेच उतरत होती. त्यानंतर टेलेस्टेरिऑन या दीक्षेच्या सभागृहातली, खांबांच्या गर्दीतली रात्र आणि एकदम उजेड. इथे काही शिकायचं नसतं, अनुभवायचं असतं, असं अॅरिस्टॉटलचं मत सांगतात.

आजच्या दोन दिवसांच्या ‘इनिशिएशन’ शिबिरांचं इथेच बिनसतं. तयारी शून्य, थेट शिखर, आणि सकाळी गोल बसवून ‘शेअर करा’! एल्युसिसला मात्र पाहिलेलं गुपित फोडण्याची शिक्षा मृत्युदंडापर्यंत जाई. त्यामुळे कच्चा अनुभव घाईघाईने शब्दांत कोंबला जात नसे, आतच मुरे. वरची पायरी, एपोप्टेइया, मिळायला तर आणखी निदान वर्षभर थांबावं लागे.