दर्शन 'झालं' म्हणजे नेमकं काय झालं?

माझी आजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला शेवटपर्यंत तयार झाली नाही, पण कार्तिकीचं पंढरपूर तिनं कधी चुकवलं नाही. शेवटच्या खेपेला मी सोबत होतो. रात्रभर बारीत काढली आणि विठोबापुढे मिळाले जेमतेम दोन सेकंद. तिनं पायांवर कपाळ टेकवलं, लगेच मागून रेटा आला आणि आम्ही बाहेर. "दिसला का गं आजी?" मी विचारलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "पाय गार लागले रे. झालं दर्शन."

तेव्हापासून हा शब्द माझ्या मनात ठाण मांडून बसलाय. आपण सिनेमा पाहतो, जागा पाहतो, मुलगी पाहतो. देव मात्र 'पाहिला' म्हणत नाही. आपण दर्शन घेतो, देव दर्शन देतो आणि मग ते 'होतं'. म्हणजे पाहणारा एकटा माणूस नाही, समोरूनही पाहणं चालू आहे. पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी बघा. रंगकाम उरकलेलं असतं, तरी डोळे येईपर्यंत ती माती वाटते. बारीक कुंचला टेकवताना कारागीर श्वास रोखतो. बुबुळ आलं की आपणच नकळत सावरून उभे राहतो.

आणि आपल्याकडे विचारांच्या परंपरांनाही हाच शब्द आहे. न्याय, वैशेषिक, सांख्य, योग, मीमांसा, वेदान्त ही सहा दर्शनं. १४व्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त सोळा आहेत, आणि सुरुवातच देव साफ नाकारणाऱ्या चार्वाकापासून. पटो न पटो, तेही दर्शनच! मला हा मोठेपणा फार भावतो. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात मोक्षमार्ग सांगताना पहिला शब्द येतो सम्यग्दर्शन. बुद्धांच्या अष्टांगिक मार्गाची पहिली पायरी सम्मा दिट्ठि, म्हणजे योग्य दृष्टी. आधी नजर सुधारायची, बाकीचं मग.

मराठीत आपण 'तत्त्वज्ञान' शब्द घेतला आणि त्याचं काय केलं? "उगाच तत्त्वज्ञान पाजळू नकोस" म्हणायला वापरला. दर्शन देवळात राहिलं, विचार वर्गात गेला. माझं ठाम मत आहे की या ताटातुटीत दोन्हीकडचं नुकसान झालं. हल्ली देवळात पैसे मोजून लवकर आत जाता येतं आणि बाहेर आल्यावर पहिला प्रश्न असतो, "किती वेळ लागला?" तो ऐकला की मला खरंच वाईट वाटतं.

म्हणूनच ज्याला दर्शन नाकारलं गेलं त्याचं दुःख कळतं. ते नुसतं मूर्ती न दिसण्याचं नव्हतं. देवानंही तुझ्याकडे बघू नये, असं माणसांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. चोखोबा आयुष्यभर बाहेर राहिले. विठ्ठलाचं दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं ते १९४७ साली, चोखोबांनंतर सहाशे वर्षांनी.

चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. आजी आधी तिथे जायची, हातानं चाचपून दगडावर डोकं टेकवायची, मग बारीकडे वळायची.