अजून थोडं चालेल

आमचा गीझर बिघडलाय असं मी शेवटपर्यंत कबूल केलं नाही. बिघडणं कसं असतं, काल चालू होतं आज बंद, विषय संपला. तसा हा धाडकन बंद पडला असता तर त्याच संध्याकाळी नवा आणला असता. पण हा रोज चिमूटभर बिघडायचा आणि आम्ही रोज चिमूटभर सवय करून घ्यायचो, शेवटी शेवटी तर गीझर नॉर्मल आणि घरातली माणसंच बिघडलेली अशी अवस्था आली.

पूर्वी तो पटकन तापायचा आणि चार जणांच्या आंघोळी आरामात व्हायच्या. मग आंघोळींमध्ये गॅप ठेवावी लागायला लागली. मग नंबर लागले. आधी आई, मग मुलगी, मग बायको, आणि सगळ्यात शेवटी मी, म्हणजे ज्याने "अजून थोडं चालेल" म्हटलं तो. (हा क्रम कोणी ठरवला ते विचारू नका, मला कळेपर्यंत ठरला होता.) माझ्या वाट्याला जे पाणी यायचं त्याला कोमट म्हणणं हा कोमट पाण्याचा अपमान आहे.

एकदा चिडून बायको म्हणाली, "अहो, हा नक्की किती वेळात तापायला हवा?" आता असा प्रश्न विचारला की मी खूश होतो, कारण हिशोब करायला उठावं लागत नाही. टाकी १५ लिटरची, कॉइल २००० वॅटची, पाणी समजा २० डिग्रीवरून ६० वर न्यायचंय, तर साधारण २१ मिनिटं. मोठ्या ऐटीत सांगितलं. ती शांतपणे मोबाईलवर टायमर लावून बसली. ४३ मिनिटांनी लाल दिवा विझला. बाहेर आलेलं पाणी ६० काय, ५० सुद्धा नसणार. मी म्हटलं, व्होल्टेज कमी असेल.

नंतर आवाज सुरू झाला. आधी बारीक तडतड, मग चक्क गुडगुड, रात्रभर उपाशी राहिलेल्या पोटासारखी. आई म्हणायची, "अरे, आत काहीतरी शिजतंय." खरं तर ती बरोबर होती. जड पाण्यातले क्षार तापल्यावर बाहेर पडतात आणि कॉइलवर, टाकीच्या तळाशी थर धरतात. त्या थराखाली अडकलेलं पाणी उकळतं, वाफेचे बुडबुडे वर यायला धडपडतात, ती गुडगुड. कॉइल आतल्या आत भाजत राहते, पाण्याला उष्णता मिळत नाही, शेजारच्या थर्मोस्टॅटला मात्र वाटतं झालं काम, आणि तो दिवा घालवून मोकळा. हे सगळं मी वाचून काढलं. मेकॅनिकला फोन करणं सोडून जे जे करता येतं ते मी त्या महिन्यात केलं. गीझर हा शब्द आइसलँडमधल्या गेसिर नावाच्या गरम पाण्याच्या कारंज्यावरून आलाय आणि १८६८ साली लंडनमधल्या बेंजामिन मॉन नावाच्या रंगाऱ्याने आपल्या गॅसवर पाणी तापवणाऱ्या यंत्राला ते नाव दिलं, हेसुद्धा मी जेवताना सांगितलं. त्या यंत्रात धूर बाहेर जायला वाटच नव्हती. "म्हणजे आपला बराच म्हणायचा," असं मी शेवटी म्हणालो, त्यावर कोणी काही बोललं नाही.

मग थेंब. गीझरखाली थेंब थेंब पाणी. मी खाली आंघोळीचा मग ठेवला आणि निरीक्षण सुरू केलं. आता थेंबांचं एक आहे, सगळे सारखे नसतात. पाणी तापलं की फुगतं, १५ लिटर पाणी ६० डिग्रीला गेलं की साधारण पेलाभर जास्त होतं, ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर पडलं तर घाबरायचं कारण नाही, उलट तो व्हॉल्व्ह जिवंत असल्याची खूण आहे. थेंब पाइपच्या जॉइंटवरून असेल तरी वॉशर बदलून भागतं. पण थेंब टाकीच्या अंगातून, बाहेरच्या कव्हरच्या खालच्या शिवणीतून येत असेल तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. लोखंडी टाकीला आतून काचेचा लेप असतो, त्याला वेल्डिंग करायला गेलात तर लेपच जातो. आमचा थेंब कुठून येत होता हे बघायला मान वर करून टॉर्च मारायला लागला असता. मी मारला नाही. व्हॉल्व्हचाच असणार, असं ठरवून टाकलं.

त्यानंतर पाणी तांबूस यायला लागलं. गार पाण्याचा नळ स्वच्छ, गरम पाण्याचा तेवढा तांबूस. दोन्हीकडून आलं असतं तर पाइपवर ढकलता आलं असतं, तीही सोय नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, पाण्यात लोह आहे, चांगलं असतं ना?" तिचा हा गुण कोणाकडून आलाय ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

आणि मग एका सकाळी आई आत असताना खटकन अख्ख्या घराची लाइट गेली. ईएलसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की लाइट तोडणारा स्विच, पडला होता. वर केला, परत पडला. मी काय करावं? मी ईएलसीबी बदलायला इलेक्ट्रिशियन बोलावला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच, इथे तर बंबच पेटलेला. इलेक्ट्रिशियनने गीझरचा प्लग काढला, ईएलसीबी वर केला, तो वरच राहिला. मग त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला शाळा आठवली. "साहेब, हा बिचारा तुम्हाला वाचवतोय आणि तुम्ही यालाच काढायला निघालात." कॉइलच्या वरची नळी फुटून आत पाणी गेलं होतं आणि करंट टाकीत उतरत होता. आई आत होती हे आठवून माझ्या पोटात जे झालं ते गीझरच्या गुडगुडीपेक्षा वाईट होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी "थोडं चालेल" म्हणालो नाही.

गीझरचा मेकॅनिक दुसऱ्या दिवशी आला. वयाने लहान पण बोलायला डॉक्टरसारखा, आधी पेशंटचं वय विचारलं. मी म्हटलं, "असेल आठ-नऊ वर्षांचा." आई आतून ओरडली, "अरे, नातीच्या जन्माच्या आधीचा आहे तो!" नात तेरा वर्षांची. मेकॅनिकने कॉइलची प्लेट खोलली तर आतून पांढरे खडे बादलीत धडाधड पडले, थांबेचनात. मग त्याने एक बारीक तार बाहेर काढून माझ्यासमोर धरली. "हा तुमचा ॲनोड."

"ही तार?"

"तार नाही हो, हिच्यावर मॅग्नेशियमचा चांगला अंगठ्याएवढा जाड रॉड असतो. गंजायचं असेल तर मला गंजव, टाकीला हात लावू नको, असं म्हणणारा. तो संपला की मग पाणी टाकीला खातं. दर एक-दोन वर्षांनी उघडून बघायचा. शेवटचा कधी बदललात?"

मला तो बदलायचा असतो हे त्या क्षणी कळलं होतं. मी म्हटलं, "बघावं लागेल."

तरी माझ्यातला चिकट माणूस एवढ्यात मरत नाही. "कॉइल नवी टाकली, थर्मोस्टॅट टाकला, हा रॉड टाकला तर?" तो म्हणाला, "पाच वर्षांचा असता तर मीच म्हटलं असतं टाका. कॉइल गेली म्हणून कोणी गीझर टाकत नाही. पण दहाच्या पुढचा गीझर आणि दुरुस्तीला नव्याच्या निम्मे पैसे, असं जमलं की मी हात लावत नाही. आणि तुमची तर टाकीच गेलीये, हे बघा," म्हणून त्याने टॉर्च मारला. कव्हरच्या शिवणीवर तांबडा ओघळ होता. कमीत कमी वर्षभराचा. बायको माझ्याकडे बघत होती हे मला न बघता कळलं.

जुना उतरवायला दोन माणसं लागली, नवा मेकॅनिकने एकट्याने चढवला. पहिल्या दिवशी सवयीने पाऊण तास आधी बटण दाबलं, आई आत गेली आणि लगेच बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "अगं बाई, गार कुठलं आणि गरम कुठलं!" इतक्या वर्षांत गार पाणी मिसळायची वेळच आली नव्हती.

मुलीने बादलीतले खडे धुऊन, वाळवून बरणीत भरले, शाळेत जड पाण्यावर प्रोजेक्ट आहे म्हणे. रात्री चिठ्ठी चिकटवायला बसली. "बाबा, एवढा थर साचायला किती वर्षं लागली लिहू? चौदा?"

मी बायकोकडे बघितलं आणि हळूच म्हटलं, "आठ लिही."