सावळ्या कातडीला ऊन बाधत नाही म्हणे!

एप्रिल लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच मजकूर फिरून येतो. सनस्क्रीन हे गोऱ्यांचं खूळ, आपल्या कातडीला देवानंच छत्री दिलीय. एकदा रापलं की मग ऊन बाधत नाही. रापलेलं उतरवायचं तर लिंबू चोळा. आणि सकाळचं कोवळं ऊन घ्या, ‘ड’ जीवनसत्त्व भरपूर. यंदा काकांनी त्याखाली ‘शंभर टक्के खरं’ असं लिहिलं, म्हणून हा खटाटोप.

‘देवानंच छत्री दिलीय.’ छत्री आहे, नाकारत नाही. रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्यांत आणि काळ्यांत साधारण सारख्याच असतात. फरक असतो तो रंगकणांत: काळ्या कातडीत ते मोठे, सुटे सुटे आणि वरच्या थरापर्यंत टिकून राहणारे. १९७९ साली अमेरिकेत मोजलं तेव्हा काळ्या माणसांच्या बाह्यत्वचेचा एसपीएफ (भाजण्याआधी ऊन किती पट सोसतं तो आकडा) सुमारे १३ भरला, गोऱ्यांचा सुमारे ३. आपण बहुतेक या दोहोंच्या मधले. म्हणजे छत्री आहे, पण कापडाला भोकं आहेत.

मुळात ही कातडीची वर्गवारी आली कुठून? १९७५ मध्ये हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी ती केली. सोरायसिस या कातडीच्या आजाराच्या रुग्णांना सोरालेन नावाचं, कातडी किरणांना हळवी करणारं औषध देऊन अतिनील किरणांखाली उभं करत. किरण किती द्यायचे, हे केस-डोळ्यांच्या रंगावरून ठरवलं तर चुकायचं, माणसं भाजायची. म्हणून थेट विचारायचं ठरलं: पहिल्या कडक उन्हात तुम्ही भाजता की रापता? सुरुवातीचे चारही प्रकार गोऱ्यांचे होते. तपकिरी आणि काळी कातडी पाचवा-सहावा प्रकार म्हणून नंतर जोडली गेली. आपल्याकडचे बरेचसे लोक चौथ्या-पाचव्यात बसतात.

गोची इथेच आहे. प्रश्न भाजण्याचा होता, आणि आपण फारसे भाजत नाही. त्यावरून ‘आपल्याला काही होत नाही’ असा निष्कर्ष काढला गेला. आपल्याला होतं ते वेगळं: गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर उठणारे वांग. मुरूम बसला तरी महिनोन्‌महिने राहणारा काळा डाग. ऊन हे सगळं गडद करतं. सावळ्या कातडीत तर अतिनील किरणांच्या जोडीला डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही वांग वाढवतो. नेहमीचं पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. आयर्न ऑक्साइड घातलेलं, कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन अडवतं. दुकानदार मात्र ‘एसपीएफ किती हवा’ एवढंच विचारतो.

कर्करोगाबाबत मात्र छत्रीची गोष्ट बऱ्याच अंशी बरोबर आहे. त्वचेचा कर्करोग आपल्यात गोऱ्यांच्या मानाने खूपच कमी. पण मेलानोमा, म्हणजे रंग तयार करणाऱ्या पेशींचा कर्करोग, झालाच तर सावळ्या माणसांत तो बहुधा तळव्यावर किंवा नखाखाली सापडतो, आणि तिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. जमैकाचा गायक बॉब मार्ली १९८१ मध्ये ३६व्या वर्षी मेलानोमानेच गेला, त्या आजाराची सुरुवात पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाली होती. तिथे क्रीम उपयोगाचं नाही. नखात काळी रेघ रुंदावत असेल तर डॉक्टर गाठावा.

‘एकदा रापलं की बाधत नाही.’ रापणं दोन तऱ्हेचं असतं. उन्हातून आल्या आल्या दिसतो तो काळपटपणा यूव्हीए या प्रकारच्या अतिनील किरणांचा. त्यात नवा रंग तयार होत नाही, आहे तोच गडद दिसतो आणि बराचसा काही तासांत उतरतो. खरं रापणं दोन-तीन दिवसांनी चढतं, पेशींतल्या डीएनएला इजा झाल्यावर. त्यातून मिळणारं संरक्षण जेमतेम ३-४ एसपीएफचं. उन्हाळाभर चप्पल घालून फिरल्यावर पावलावर पट्ट्याची जी गोरी नक्षी उरते ना, तिच्या बाजूची कातडी कवच घालून बसलेली नाही. मार खाऊन बसलीय.

आता लिंबू. यावर मी चिडतो. आमच्याकडे हळदीच्या दिवशी बहिणीनं अंगणात बसून शंभरेक माणसांचं सरबत पिळलं, भर दुपारी. तिसऱ्या दिवशी बोटांच्या बेचक्यात फोड आणि मनगटावरून कोपरापर्यंत रस ओघळला तसतसे काळे ओघळ. मेंदी काढायला आलेली मुलगी थबकलीच. डाग जायला दिवाळी उजाडली. लिंबाच्या रसात, सालीत तर जास्तच, सोरालेनच्या जातीची द्रव्यं असतात. हो, तेच फिट्झपॅट्रिक यांचं सोरालेन! आपल्याकडे कोडावर बावची लावून उन्हात बसवत, त्या बावचीतही तेच. जे कातडीवर रंग आणण्यासाठी वापरायचं, ते आपण रंग उतरवायला चोळतोय.

राहिलं ‘ड’ जीवनसत्त्व. ते तयार होतं यूव्हीबी या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांमुळे, आणि कोवळ्या उन्हात यूव्हीबी फार कमी असतं. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हा ते पुरेसं मिळतं, आणि सावळ्या कातडीला वेळही जास्त लागतो. काका तर रोज साडेसातला काचबंद गॅलरीत खुर्ची टाकून ऊन घेतात. काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. येतं ते यूव्हीए, रापवणारं.