अर्धा पगार प्रयोगशाळेचा

तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकांची आंदोलने आणि ‘सरकारी पैशावर शिकून परदेशात पळालेले शास्त्रज्ञ’ हे दोन वाद मी अमेरिकेतून नेमाने वाचतो. दोन्ही वेगवेगळे समजून घातले जातात. माझ्या मते भांडण एकच आहे: मंजूर जागा वेळेवर भरत नाहीत.

माझा विषय अणुकेंद्रीय भौतिकी, तीही सैद्धांतिक. ‘तुला यंत्र लागत नाही, मग भारतात बसून कर की’, असे घरचे म्हणतात, आणि ते अगदीच चूक नाही. भौतिकशास्त्रज्ञ सुधीर पांड्यांनी १९५६ मध्ये मांडलेला गणिती संबंध केंद्रकाच्या कवच प्रतिमानात (केंद्रकातले प्रोटॉन-न्यूट्रॉन थराथरांत रचलेले मानणाऱ्या सिद्धांतात) आजही शिकवला जातो, आणि त्यांची पुढची कारकीर्द अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत घडली. पण सिद्धांतवाल्यालाही प्रयोगवाले शेजारी लागतात. कोणत्या केंद्रकाचे गणित आत्ता करण्यासारखे आहे, हे त्यांच्याशी रोज बोलल्याशिवाय कळत नाही.

इकडे गुणवत्तेचे राज्य आहे, हेही ऐकीव. कवच प्रतिमान १९४९ मध्ये मांडणाऱ्या मारिया गेपर्ट-मायर यांना पूर्ण पगाराची प्राध्यापकी मिळाली १९६० मध्ये. तीन वर्षांनी नोबेल! आजही पीएच.डी.नंतर दोन-तीन पोस्टडॉक, म्हणजे तात्पुरत्या संशोधन-नोकऱ्या, करून माणूस पस्तिशीला टेकतो. पक्की नोकरी लागली, तरी विद्यापीठ बहुधा नऊ महिन्यांचाच पगार देते, उन्हाळ्याचा स्वतःच्या अनुदानातून काढायचा. हे गावी सांगितले की कुणाला खरे वाटत नाही.

इथल्या विभागप्रमुखांना विश्वरचनाशास्त्र किंवा क्वांटम संगणन हवे असते, अणुकेंद्र जुने वाटते. म्हणजे आमच्या जागांची टंचाई इथेही आहे. त्यावर इथल्या अणुकेंद्रवाल्यांनी काढलेली तोड मात्र उचलण्यासारखी आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठात दुर्मिळ समस्थानिकांचे (निसर्गात सहसा न सापडणाऱ्या केंद्रकांचे) संशोधन केंद्र २०२२ मध्ये सुरू झाले. त्याच्याशी जोडलेली सिद्धांतकारांची संघटना देशातल्या विद्यापीठांना सांगते: तुम्ही आमच्या विषयाची कायम जागा काढा, पहिली काही वर्षे पगाराचा वाटा आम्ही उचलू. नंतर तो माणूस पूर्णपणे विद्यापीठाचा. जपानच्या रिकेन या संशोधन संस्थेने अमेरिकेतल्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९९७ साली केंद्र काढले, तिथूनही अशाच भागीदारीत तरुण सिद्धांतकार विद्यापीठांत गेले.

आपल्याकडे दिल्लीचे आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र आहे, कोलकात्याला सायक्लोट्रॉन (कणांना वेग देणारे यंत्र) आहे, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. त्यांनी राज्य विद्यापीठांतल्या एकेका सहायक प्राध्यापकाचा अर्धा पगार पाच वर्षे दिला, तर त्यांच्या हिशेबात तो खर्च जाणवणारही नाही. बिंदुनामावली (आरक्षणाच्या जागांची क्रमवारी) कुणाची, सेवाज्येष्ठता कुठली धरायची, यावर फायली अडतील. हे प्रश्न किचकट खरे, पण शासन निर्णयाने सुटणारे आहेत. खरी अडचण पाच वर्षांनंतरची. तेव्हा राज्याने ‘वित्त विभागाची मान्यता नाही’ म्हटले, तर तो माणूस पुन्हा तासिकेवर येईल. म्हणून राज्याची हमी आधी, या संशोधन संस्थांचा पैसा नंतर.

त्याऐवजी २०२३ पासून केंद्र सरकारची ‘वैभव’ शिष्यवृत्ती आहे: परदेशस्थ संशोधकाने वर्षातून महिना-दोन महिने यायचे. मला व्याख्यान द्यायला आवडेल. पण पीएच.डी.चा विद्यार्थी गणितात अडकतो तो बहुधा उरलेल्या दहा महिन्यांत.